थाप पकडेल त्याला खडू

“यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही,” दिगंबर सर म्हणाले, आणि हॉलमध्ये जेवणानंतर पेंगायला लागलेले सगळे शिक्षक ताठ बसले.

बसणारच. येरवड्याच्या त्या शाळेत सरांचं हे वाक्य म्हणजे नाटकाची तिसरी घंटा. आता जे येणार ते निखालस खोटं असणार आणि तरीही ऐकावंच लागणार, हे शिपाई दत्तोबापासून मुख्याध्यापिकाबाईंपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. सरांच्या आजोबांनी एका मुंजीत इतकी जिलबी खाल्ली होती, की आचाऱ्याने भट्टी विझवून त्यांनाच नमस्कार घातला होता. सरांची सायकल पर्वतीच्या पायऱ्या चढून गेली होती आणि वर पोचल्यावर दम लागला म्हणून आडवी झाली होती. पुढच्या वर्षी सर निवृत्त व्हायचे होते. केस पिकले होते, गुडघे वाजायला लागले होते, थाप मात्र अजून तरणीताठी होती.

त्या दिवशी शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. कुठल्याशा संस्थेतून प्रियदर्शनी मॅडम आल्या होत्या, वयाने सरांच्या विद्यार्थिनी शोभतील अशा. विषय होता ‘मुलांच्या घरचं गणित वर्गात’. हल्ली एकेका वर्गात वाशीमची, यवतमाळची, गुलबर्ग्याची, बिहारची अशी कुठकुठली मुलं शेजारी शेजारी बसतात. प्रत्येकाच्या घरी मोजायची, मापायची, वाटून घ्यायची रीत निराळी. ती रीत फळ्यापर्यंत आली तरच गणित सगळ्यांचं होईल, असं मॅडमचं म्हणणं होतं. “प्रत्येकाने आपला एक अनुभव शेअर करा,” त्या म्हणाल्या. एका बाईंनी रांगोळीच्या ठिपक्यांचा अनुभव सांगितला. दुसऱ्या बाईंनीही रांगोळीच सांगितली, फक्त ठिपके वाढवले. मग एका सरांनी पतंग सांगितला, आणि तोही जमिनीवरून उठेना. सभा डोळ्यांदेखत शेवटच्या घटका मोजायला लागली. मरणारी सभा दिगंबर सरांना बघवत नसे.

म्हणून ते उभे राहिले होते.

“जूनमधली गोष्ट,” ते म्हणाले. “चौथीचा वर्ग, धारकतेचा धडा. पोषण आहाराच्या कोठीतून तांदूळ आणला, एक डबा आणि एक वाटी आणली. डब्यात किती वाट्या मावतात ते मोजायचं. वाशीमकडची एक मुलगी नवीन आली होती, सृष्टी. तिला पुढे बोलावलं. तिने वाटी भरली, डब्यात ओतली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, ‘लाभ!’ दुसरी ओतली, ‘दोन’. तिसरी, ‘तीन’. सगळा वर्ग हसला. आणि मी?”

सर थांबले. कुठे थांबायचं, हे त्यांना देवाने वरूनच शिकवून पाठवलं होतं.

“मी हसलो नाही. फळ्यावरचा एक पुसला आणि त्या जागी लिहिलं, लाभ. म्हटलं, मुलांनो, हिच्याकडे धान्याचं पहिलं माप घालताना एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. घरात आलेल्या धान्याचा तो मान आहे. आज आपण सगळे असंच मोजायचं. आणि काय सांगू, त्या दिवसापासून आमचा वर्ग लाभपासूनच मोजतो! हजेरीत पहिला नंबर लाभ. कवायतीत लाभ-दोन, लाभ-दोन. हा आमचा दत्तोबा सकाळी पहिला टोला देतो, तोसुद्धा लाभचा!”

दारात उभ्या असलेल्या दत्तोबाने आपल्या टोल्याची ही बातमी पहिल्यांदाच ऐकली, पण शाळेच्या इभ्रतीखातर मान डोलावली. टाळ्या पडल्या. प्रियदर्शनी मॅडमनी डोळे टिपले.

“सर, एक्झॅक्टली! आम्ही एवढ्या स्लाइड्स करतो, आणि तुम्ही हे ऑलरेडी करताय. येत्या शनिवारी बाकीच्या शाळांचे शिक्षक बोलावलेत. त्यांच्यासमोर हाच तास घ्याल? हाच वर्ग, हीच मुलगी?”

“अवश्य,” सर म्हणाले.

“आणि तुमचं ते थापेचं गणितपण घ्या ना. मुलं सांगत होती मला.”

थापेचं गणित ही सरांची खास चीज. गोष्टीतून गणित घालायचं आणि गोष्टीत एक थाप पेरायची. ज्याला थाप सापडेल त्याने उभं राहायचं, “सर, थाप!” म्हणायचं, सरांच्या हातातला खडू घ्यायचा आणि खरं काय ते फळ्यावर मांडायचं. खडू हातात घेतलेलं मूल त्या तासापुरतं वर्गाचं सर.

“किती मस्त,” मॅडम म्हणाल्या. “थाप जास्त करून कोण पकडतं?”

“सगळेच,” सर म्हणाले.

हेही खोटंच निघालं. ते त्यांना संध्याकाळी पीएमटीत, पुलावर बस अडकलेली असताना कळलं. आठवून आठवून पाहिलं, तर दर वेळी खडू घ्यायला पुढे येणारा हात अवधूतचा, नाहीतर त्याच्या बाकावरच्या मुलांचा. पेठेतली जागा सोडून इकडे फ्लॅट घेतलेल्या घरांतली ती मुलं. परवाचंच गणित. दुपारी दोन वाजता सर पेठेतल्या मिठाईच्या दुकानात गेले, मालकाने हसून या म्हटलं, पेढे दिले, ते सरांनी पाहुण्यांत सारखे वाटले. अवधूत ताडकन उठला होता. “सर, थाप! दुपारी दोनला दुकान उघडं कसं? आणि मालक हसला?” पुढचा बाक खिदळला. अवधूतला खडू मिळाला. मागच्या बाकावर सृष्टी पेढ्यांचा भागाकार करून बसली होती, आणि तिचं उत्तर बिनचूक होतं. थाप भागाकारात नव्हतीच, ती होती पेठेतल्या दुपारच्या झोपेत, आणि वाशीमहून आलेल्या मुलीला ती कुठून दिसणार? इतकी वर्षं सरांच्या सगळ्या थापा लकडी पुलाच्या अलीकडे, पेठांतच जन्माला आल्या होत्या.

पण बसमध्ये सरांच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या त्या यामुळे नव्हे. आज त्यांनी मॅडमना जे सांगितलं, त्यात तांदूळ खरा होता, डबा खरा, वाटी खरी, मुलगी आणि तिचा तो ‘लाभ’ खरा. ‘आणि मी?’ या शब्दांपुढचं सगळं बनवलेलं होतं.

खरं असं झालं होतं. ‘लाभ’ ऐकून सरांनी चष्म्यावरून पाहिलं. सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाच्या जिभेवर वाक्य आधी येतं आणि विचार मागाहून चालत येतो. “बाईसाहेब,” ते म्हणाले, “एक कुठे राहिला? गावालाच विसरून आलात? मग जा, घेऊन या.”

वर्ग फुटला. अवधूत तर बाकावर डोकं टेकून हसला. वाक्य सरांनाही आवडलं. ते मजेत फळ्याकडे वळले आणि पुढचं उदाहरण लिहायला लागले. सृष्टीने वाटी खाली ठेवली आणि ती वर्गाबाहेर गेली. पाणी प्यायला गेली असेल, असं सरांना वाटलं. खरं म्हणजे तेव्हा काहीच वाटलं नव्हतं, हे त्यांनी नंतर वाटून घेतलं होतं. तास संपल्यावर ते बाहेर पडले, तर ती दाराशेजारी भिंतीला पाठ लावून उभी. एक मूठ आवळलेली, बोटांच्या फटीतून तांदळाचे दाणे दिसत होते.

“इथे काय करतेस गं?” सरांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ते पाचवीच्या वर्गाकडे गेले.

पुण्यात मोठी माणसं ‘जा, घेऊन या’ म्हणतात तेव्हा कुठे जायचं नसतं आणि काही आणायचंही नसतं, हे त्या पोरीला कोण सांगणार? सरांनी जा म्हटलं, ती गेली. काय आणायचं ते कळेना, आणि रिकाम्या हाताने आत यायचा धीर होईना. शिकवण्याचा आवाज ऐकत तास संपेपर्यंत ती बाहेरच उभी राहिली.

त्यानंतर सरांच्या तासाला तिने तोंड उघडलं नाही. वहीतली गणितं बरोबर यायची, पण तोंडी परीक्षेत ती नुसती उभी राहायची. सर मार्कांच्या रकान्यात भोपळा टाकायचे आणि पुढचा नंबर पुकारायचे. मुलांनी तिचं नावच ‘लाभ’ ठेवलं.

जुलैत पालकसभेला तिची आजी आली, द्वारकाबाई. आई नसलेली ही पोर तिनेच गावी वाढवली होती. मुलगा खराडीला एका आयटी कंपनीच्या फाटकावर वॉचमन. त्याच्या खोलीवर आता तिघं राहत होती. धान्याच्या पहिल्या मापाची रीत सरांना कळली ती तिच्याच तोंडून. “तेच तिच्या तोंडी बसलं, सर. घरी माझ्यासंगं मापं घालायची ना,” ती म्हणाली. मग पदर सावरून, जरा पुढे झुकून तिने विचारलं, “सर, तुम्ही तिला कायतरी घेऊन ये म्हणले होते म्हणे. काय ते पोरगी सांगत नाही. काय विसरली होती? सांगा ना, गावावरून बोलावून घेऊ.”

आजी, काही विसरली नव्हती ती, मी चेष्टा केली. एवढंच म्हणायचं होतं. गावभर थापा सोडणाऱ्या जिभेला एवढं साधं, खरं वाक्य उचलेना.

“काही नाही हो आजी,” सर म्हणाले. “रबर.”

दुसऱ्या दिवशी सरांच्या टेबलावर वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेली पुडी होती. आत कोरं करकरीत खोडरबर, वर स्ट्रॉबेरीचं चित्र. सृष्टी समोर उभी होती. घेऊन या म्हटलेलं तिने शेवटी आणून दिलं होतं आणि आता तरी आत येऊ का, अशा नजरेने ती सरांकडे बघत होती. सर “ठीक आहे, बस,” म्हणाले आणि पुडी खणात टाकली. त्या रबराला असा काही गोड वास होता, की खण उघडला की सबंध वर्गात दरवळायचा. महिनाभरात सरांनी खण उघडायचंच सोडलं. खडूसुद्धा ते शर्टाच्या खिशात ठेवायला लागले.

प्रशिक्षणाच्या त्या संध्याकाळी घरी कुसुमताईंनी आमटीला फोडणी देता देता सगळं ऐकून घेतलं. नवऱ्याच्या थापा त्या लग्नापासून ऐकत आल्या होत्या आणि आजवर एकीवरही त्यांनी हसण्याची चूक केली नव्हती.

“त्या मुलीला विचारलंत?”

“काय विचारायचं?”

“तुमच्या गोष्टीत काम करायचंय का ते.”

“अगं, तिचा मानच होणार आहे त्यात. एवढ्या शिक्षकांसमोर—”

“मान तिचा होणार, आणि शाल तुम्हाला घालणार,” कुसुमताई म्हणाल्या आणि त्यांनी गॅस बंद केला. “जेवायला बसा. आणि मॅडमना फोन करून खरं सांगणार असाल तर आधी करा, आमटी नंतर पुन्हा गरम करता येईल.”

सर जेवायला बसले.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत त्यांनी सृष्टीला बोलावलं. “उद्या पाहुणे येणारेत,” ते म्हणाले. “तू पुढे यायचंस, माप घालायचं. आणि पहिल्या मापाला तुमच्याकडे म्हणतात ते... ते म्हणायचं. मोठ्याने. येईल ना?”

तो शब्द सरांना स्वतःला उच्चारवला नाही. जूनमध्ये जो तिच्या घशात परत कोंबला होता, तोच आता गोडीगुलाबीने बाहेर काढायला ते बसले होते, आणि तोही पाहुण्यांसाठी. सृष्टीने मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही. तेवढ्यात व्हरांड्यातून अवधूतच्या बाकावरचा तेजस ओरडला, “ए लाभ, डबा खायला ये!” आणि ती चटकन वळली. आपल्याच नावाला वळावं तशी. सरांनी खिशातला खडू काढून उगाचच टेबलावर आपटला. त्याचे दोन तुकडे झाले.

शनिवार उजाडला. हॉलमध्ये चौथीचा वर्ग सतरंजीवर, मागे खुर्च्यांत वेगवेगळ्या शाळांचे शिक्षक, कडेला प्रियदर्शनी मॅडम मोबाइलवर चित्रीकरण करायला सज्ज. टेबलावर डबा, वाटी, परातीत तांदूळ. सृष्टी टेबलापाशी उभी, दोन वेण्या, हातात वाटी. सरांनी पाहुण्यांना थापेचा नियम समजावून सांगितला, खिशातून खडू काढून उंच धरला, आणि घसा खाकरला.

“यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही,” ते म्हणाले.

खुर्च्या सरसावल्या. सरांनी जून उभा केला, तांदूळ उभा केला. ‘लाभ’वर वर्ग हसला, तिथवर ते झोकात आले. इथे ‘आणि मी?’ म्हणून थांबायचं होतं. ते थांबले, आणि त्यांची नजर सृष्टीवर गेली. ती त्यांच्याकडेच बघत होती, लक्ष देऊन, गणिताचं उदाहरण ऐकावं तशी. मी हसलो नाही, फळ्यावर लाभ लिहिलं, हे वाक्य तिच्या त्या नजरेसमोरून पुढे सरकेना. मोठा कलावंत अशा वेळी गप्प बसला असता. सर त्याहून जरा कमी मोठे होते, त्यांनी गोष्टच बदलली.

“वर्ग हसला,” ते म्हणाले. “आता लहान मुलंच ती, हसायचीच. पण ही बिचारी लाजून वर्गाबाहेर निघून गेली.”

सतरंजीवर चुळबूळ झाली. अवधूतने तेजसकडे पाहिलं. तेजस पायाचा अंगठा बघायला लागला. सगळं हसणं आपल्या अंगावर ढकललं गेलंय हे मुलांना कळलं होतं, आणि मुलांना कळलंय हे सरांना कळलं. कान पेटले. पण थाप एकदा उताराला लागली की तिला ब्रेक नसतो.

“मी फळा सोडला. तसाच बाहेर गेलो. ही भिंतीला टेकून उभी, मुठीत तांदूळ. आणि विश्वास बसणार नाही, या गुडघ्यांनी, या वयात, मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. म्हटलं, बाळा, आमचं चुकलं. तुझं बरोबर होतं. तिचा हात धरला आणि तिला आत घेऊन आलो.”

सरांचा आवाज खरोखरच भरून आला. आजवरच्या हजार थापांत असं कधी झालं नव्हतं. सांगता सांगता तो व्हरांडा त्यांना दिसला, आवळलेली मूठ आपल्या हातात आल्यासारखी वाटली, आणि हे असं घडलं असतं तर किती सोपं होतं, एवढ्या सोप्या गोष्टीला आपल्याला किती थोडं चालावं लागलं असतं, या विचाराने त्यांना मान वर करवेना. वर्गाच्या दारापासून त्या भिंतीपर्यंत. बस, तेवढंच.

मागे कुणीतरी नाक पुसलं. प्रियदर्शनी मॅडमचा मोबाइल हलत होता. टाळ्यांसाठी हात उचलले गेले, पण सर सवयीने थांबले होते. गोष्ट संपली की खडू पुढे धरून थांबायचं, ही त्यांचीच रीत. त्यांची नजर सवयीनेच पुढच्या ओळीकडे गेली. अवधूत खाली बघत होता. खडूसाठी रोज पुढे येणारे हात आज मांडीखाली दडले होते. आणि मग सरांच्या मनात आलं, की पेठेबाहेर जन्मलेली आपली ही पहिलीच थाप. येरवड्यातली, याच शाळेतली, वर्गाच्या दाराबाहेरची. हिच्यातलं खरंखोटं सांगायला पेठ ठाऊक असावी लागत नाही. तास चालू असताना त्या दाराबाहेर एकच माणूस उभं होतं.

टेबलावर वाटी ठेवल्याचा आवाज झाला.

जूनमध्येही असाच झाला होता. सृष्टी वळली. आता ही दाराकडे जाणार, असं सरांना वाटलं. पण ती दाराकडे गेली नाही. ती फळ्याकडे आली, सरांच्या अगदी समोर उभी राहिली, आणि तिने हात पुढे केला, तळवा वर, खडूसाठी.

“सर, थाप,” ती म्हणाली. आवाज जूनमधल्यासारखाच खणखणीत होता, शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला. “तास संपेपर्यंत तुम्ही बाहेर आलाच नव्हतात.”